घरात माणसं किती

सर्व्हेवाला आला तेव्हा मी कुंपण बांधत होतो. आमच्याकडे कुंपण काथ्यानं बांधतात. मी तारेनं बांधत होतो. मस्कतला सहा वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. सळईवर सळई ठेवायची, तार गुंडाळायची, आकड्यानं पिळायची आणि पुढं सरकायचं. हाताला तेवढंच येत होतं.

"धाकू, ठेव ते हातातलं," पोलीस पाटील विश्राम बाईत पाखाडीवरूनच ओरडले. "सरकार आलंय तुझ्या दारात."

त्यांच्या मागं तिशीचा एक माणूस पायऱ्या चढत होता. बगलेत फायली, पायात बूट, बुटांपासून गुडघ्यापर्यंत लाल धूळ. त्यानं नाव नलवडे सांगितलं. फलटणचा होता, बदलीवर आला होता.

"तुमच्याकडं सगळी घरं चढावरच का हो?" तो म्हणाला.

"उतारावरपण आहेत," विश्रामदादा म्हणाले, "पण ती परत येताना चढावर लागतात."

ही चौऱ्याण्णव सालातली गोष्ट. फेब्रुवारी होता आणि शुक्रवार. वार लक्षात आहे, कारण त्या दिवशी रात्री नऊच्या आत मला मुंबईच्या एजंटला फोन करायचा होता. कंपनीनं आणखी दोन वर्षांचा करार पाठवला होता. हो म्हटलं तर बारा दिवसांनी विमान. नाही म्हटलं तर माझ्या जागी दुसरा माणूस.

मला जायचं नव्हतं. सुगंधानं, माझ्या बायकोनं, एकदा "नका जाऊ" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. सुट्टीचा दीड महिना होऊन गेला, ती म्हणाली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. आपण होऊन "राहतो" म्हणायची लाज वाटत होती. कमावता माणूस घरी बसला म्हणून गाव काय म्हणेल, ही एक भीती. ती काय म्हणेल, ही दुसरी. दुसरी मोठी होती.

सकाळी चहा देताना तिनं विचारलं होतं, "आज फोन ना?"

"हो."

"सातनंतरच करणार?"

"सातनंतरच."

तेव्हा संध्याकाळी सातनंतर फोनचा दर अर्धा व्हायचा. बाजारातल्या बूथवर सातला रांग लागायची. दिवसाउजेडी बाहेरगावी फोन करायचा तो कोणी मेलं तरच. मला वाटलं होतं ती आणखी काहीतरी बोलेल. ती कप घेऊन आत गेली.

नलवडे पडवीत बसला. सुगंधानं गूळपाणी आणून ठेवलं आणि ती दाराच्या आत, उंबऱ्याजवळ बसली. विश्रामदादांनी पान काढलं. नलवडेनं मांडीवर मोठा कागद पसरला.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"धाकू सोनू गोताड."

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, बायको, मुलगी."

"मुलीचं वय?"

"आठ."

"दहा," आतून सुगंधा म्हणाली.

नलवडेनं खोडलं. विश्रामदादा हसले. "मेल्या, मधली दोन वर्षं कुठं ठेवलीस पोरीची?"

मागच्या सुट्टीत ती आठच होती. ते मी बोललो नाही.

"गुरं?"

"एक म्हैस."

"नाही," आतून आवाज. "गेल्या वर्षी विकली."

"विकली?" मी मागं वळलो. "मला कळवलं नाहीस?"

"पत्रात लिहिलं होतं."

लिहिलं असेल. कॅम्पात आम्ही बारा जण एका खोलीत राहायचो. पत्र आलं की मी पहिल्यांदा शेवट वाचायचो, सगळे बरे आहेत का तेवढं. मधलं नंतर वाचू म्हणून राहून जायचं.

"आंब्याची झाडं?"

"सात," मी म्हणालो, आणि थांबलो. आतून काही आलं नाही. मला बरं वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "पाच. दोन वाऱ्यानं पडली."

नलवडेनं पेन खाली ठेवलं. "वहिनी, तुम्ही बाहेरच या. कागद फाटेल माझा खोडून खोडून."

विश्रामदादांना ठसका लागला. सुगंधा बाहेर आली आणि खांबाला टेकून बसली. हात पदराखाली घेतले. पुढची पाच-सहा उत्तरं तिनंच दिली. विहिरीला पाणी कधीपर्यंत असतं, रेशनवर महिन्याला काय मिळतं, दिव्याचं कनेक्शन कोणाच्या नावावर. मी माझ्याच पडवीत बसून ऐकत होतो. तीन उत्तरं मला नवीन होती.

"आता कामधंदा," नलवडे म्हणाला.

"तो मी सांगतो," मी म्हणालो. "माझं लिहा. स्टील फिक्सर, मस्कत."

"वर्षातले किती महिने असता तिकडं?"

"दोन वर्षांतले बावीस."

त्यानं पुन्हा पेन उचललं आणि लिहिलं नाही. "मग तुम्हाला धरता येत नाही."

"धरता येत नाही म्हणजे?" विश्रामदादा म्हणाले. "कुटुंबप्रमुख आहे तो. आत्ताच लिहिलंत तुम्ही."

"चुकलंच ते. नियम आहे पाटील. सहा महिन्यांच्या वर जो बाहेर राहतो तो घरात धरायचा नाही. आता इथं बसलेत ते पाहुणे म्हणून बसलेत."

"आणि तो पाठवतो ते पैसे?"

"त्याला वेगळा रकाना आहे. बाहेरून येणारी रक्कम. ती लिहितो की मी."

"वा रे सरकार," विश्रामदादा म्हणाले. "पैसा घरचा नि माणूस पावणा!"

मी विचारलं, "हे सगळं कशासाठी लिहिता?"

नलवडे चांगला माणूस होता. दिवसभर लोक त्याला तेच विचारत असणार, पण वैतागला नाही. "देशात कामाचे हात किती आहेत, आणि एकेक हात किती काम काढतो, ते मोजायचं असतं. त्यावरून देश पुढं चाललाय की मागं ते कळतं."

"मग माझे हात?"

"तुमचे तिकडच्या देशात धरत असतील."

"तिथं कोणी विचारलं नाही."

तिथं आमच्या साइटवर एक फळा होता. आदल्या दिवशी माणशी किती सळई बांधून झाली ते रोज सकाळी त्यावर लिहायचे. पण नाव नसायचं, गँगचा नंबर असायचा. आमची गँग नऊ. आकडा खाली आला की फोरमन फळ्यावर काठी आपटायचा. सहा वर्षांत माझं नाव कुठं लिहिलेलं मी पाहिलं ते फक्त मनिऑर्डरच्या आणि ड्राफ्टच्या कागदावर.

"बरं, वहिनींचं सांगा. त्या काय करतात?"

"ती काही करत नाही," मी म्हणालो.

मी ते ताठ मानेनं बोललो. मला ते सांगण्यासारखं वाटत होतं. आमच्या वाडीत माझी आई, मावशी, चुलत्या, सगळ्या दुसऱ्याच्या पायरीवर राबून मेल्या. पहिल्यांदा मस्कतला निघालो तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर वीसभर माणसांसमोर मी बोललो होतो, माझी बायको कुणाच्या दारी कामाला जाणार नाही, म्हणून जातोय मी.

"शेती?"

"अर्धेलीनं दिलीय."

"शिवणकाम? मजुरी? कुठं कामाला जाणं?"

"नाही हो. गरजच नाही. मी पाठवतो ना."

विश्रामदादा वर कौलांकडं बघायला लागले. नलवडे सुगंधाकडं वळला. आत्तापर्यंतचा अनुभव त्याला होताच.

"वहिनी?"

"ते सांगतात तसं लिहा," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. मग पान उलटून खालच्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं. "एक राहिलं. हे आता पुढं इथंच राहणार असतील, निदान सहा महिने, तर यांना घरात धरता येतं. राहणार आहेत का?"

त्यानं ते तिला विचारलं. मला नाही. मी पण तिच्याकडं बघितलं. दीड महिना जे मला विचारता आलं नव्हतं ते फलटणच्या एका अनोळखी माणसानं विचारलं होतं, आणि आता ती काय बोलते त्यावर माझं सगळं होतं. ती नुसतं "हो" म्हणाली असती तर मी तिथंच कुंपणाची तार उचलून कामाला लागलो असतो.

ती जमिनीकडं बघत होती. मग म्हणाली, "संध्याकाळी सांगितलं तर चालेल?"

"संध्याकाळी मी कुठला, वहिनी? पाचची गाडी आहे मला."

"मग तीन-चारपर्यंत?"

"तोवर मी पलीकडच्या वाडीत असेन. हा डोंगर पुन्हा चढायला लावू नका. आत्ताच सांगा, हो का नाही?"

तिनं अंगणातल्या उन्हाकडं बघितलं.

"मग नका धरू," ती म्हणाली.

नलवडेनं खिशातून पट्टी काढली आणि माझ्या नावावर सरळ रेघ मारली. मग खाली बेरीज लिहिली. घरातली माणसं दोन. एक शाळेत जाते. एक काही करत नाही.

"बघ," विश्रामदादा उठताना म्हणाले, "एवढं मोठं चिऱ्याचं घर, आणि कामाचा हात एक नाही घरात!" त्यांना मला हसवायचं होतं. कोणी हसलं नाही.

दोघं उतरायला लागले. मी पडवीतच बसून होतो. सुगंधा आतून आली ती डोक्याला जुनं फडकं बांधून. साडी वर खोचलेली.

"मी जाऊन येते."

"कुठं?"

"जिथं काही करत नाही तिथं," ती म्हणाली आणि मागच्या वाटेनं खाली उतरली.

मी उठलो आणि पाखाडी धावत उतरून विश्रामदादांना गाठलं. नलवडे पुढं गेला होता.

"दादा, ही कुठं गेली?"

"कोण?"

"उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. सुगंधा."

ते जांभ्याच्या गडग्यावर बसले. पान थुंकले. "तिची बोटं बघितलीस कधी?"

बघितली होती. काळी पडली होती, टोकांची कातडी निघाली होती. मी समजलो होतो, आपल्याच झाडांच्या काजूच्या बिया फोडल्या असतील.

"खाली पऱ्याच्या पाण्याजवळ शेठचा काजूचा कारखाना आहे. चार वर्षं जाते. बी फोडायला लागली होती, आता नव्या बायकांना शिकवते. शेठ म्हणतो, तिच्याइतका अख्खा गर कोणाच्या हातून निघत नाही."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? गाडीच्या थांब्यावर तूच बोललास ना सगळ्यांसमोर? तुझा शब्द खोटा कसा पाडायचा? तू यायचा असलास की ती दोन महिने कामावर जात नाही. मुलांनासुद्धा ताकीद असते, धाकूकाकासमोर बोलायचं नाही म्हणून. अख्ख्या गावानं तुझा शब्द राखलाय, मेल्या."

"का जाते पण? पैसे कमी पडतात?"

"ते तिला विचार."

"तुम्हाला काय वाटतं?"

विश्रामदादा गडग्यावरून उठले. "पोर शाळेत जाते दहाला, येते पाचला. मधे एवढ्या घरात एकट्या बाईनं भिंतींशी बोलायचं काय?"

ते गेले. मी घरी आलो. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. मी आत जाऊन बसलो, मग बाहेर येऊन बसलो. बारा वाजून गेले. डोक्यात एकच चाललं होतं. हिचं सगळं आहे. हिचं काम आहे, माणसं आहेत, मला माहीत नसलेलं अख्खं एक घर आहे. मी दोन वर्षांतून एकदा येतो तेव्हा ही हातचं काम टाकून माझ्यासमोर बसून राहते, पाहुणा आला म्हणून. आणि आज तोंडावर विचारलं तर म्हणाली, नका धरू.

संध्याकाळपर्यंत थांबवेना. बाजार पाऊण तासावर होता. उन्हातनं निघालो.

बूथवाला डबा उघडून जेवत होता. मला बघून हात थांबला त्याचा. "आत्ता? पूर्ण दर लागेल हो. कोणी गेलं काय?"

"नाही. लाव."

एजंट लगेच मिळाला. "बोला गोताड."

"येतो मी."

"शाब्बास. मला वाटलंच होतं. सोमवारी पासपोर्ट घेऊन या."

मीटरवरचे लाल आकडे फिरायचे थांबले. एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

परत आलो तेव्हा दोन वाजले असतील. पायरीवर बसून पाणी प्यायलो. एवढ्यात सुगंधा खालच्या वाटेनं आली. धावत आली होती. डोक्याचं फडकं तसंच, तोंडावर घाम, श्वास लागलेला. अंगणात पोचल्यावर कमरेवर हात ठेवून वाकली आणि तशीच वर बघून म्हणाली, "बरं झालं घरीच आहात. मला तुम्हाला एक—"

"मी फोन करून आलो," मी म्हणालो.

ती सरळ झाली. "आत्ता? पूर्ण दरानं?"

"हो."

"काय सांगितलंत?"

"येतो म्हणून."

ती उभी राहिली. कोंबडी तिच्या पायात घोटाळत होती, तिनं हाकलली नाही. मग म्हणाली, "बरं." फडकं सोडलं, झटकलं, घडी केली आणि मागच्या दारी हात धुवायला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, पूर्ण दर दिला ते तिला लागलं.

"तू काय सांगत होतीस?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"काही नाही. जेवून घ्या."

पुढचे बारा दिवस कारखान्याचा विषय मी काढला नाही आणि तिनंही काढला नाही. ती त्या दिवसांत कामावर गेली नाही. मी उरलेलं कुंपण पुरं केलं. जायच्या दिवशी गाडी लागली, मुलगी माझ्या सदऱ्याला धरून उभी होती, तेव्हा मी सुगंधाला म्हणालो, "हातांना खोबरेल लावत जा."

तिनं हातांकडं बघितलं. "लावते," म्हणाली.

त्यानंतर मी मस्कतला एकोणीस वर्षं काढली. नऊ सुट्ट्या झाल्या. मुलीचं लग्न अशाच एका सुट्टीत लावलं, ती आता पनवेलला असते. घरावर स्लॅब घातला, बोअर मारली. गँगचा नंबर दोनदा बदलला. त्रेपन्नाव्या वर्षी गुडघे गेले तेव्हा कंपनीनं एक घड्याळ देऊन परत पाठवलं.

सुगंधा तोवर कारखान्यात जायची थांबली होती. डोळ्यांनी गर दिसेनासा झाला होता. नंतर आठ वर्षं आम्ही एका घरात राहिलो. एकमेकांची सवय व्हायलाच त्यातली दोन गेली. पहिल्या वर्षी ती सकाळी एकाच माणसाचा चहा ठेवायची, मग आठवून पाणी वाढवायची. मी कॅम्पातल्यासारखी पहाटे चारला उठून अंथरुणाची घडी घालायचो आणि मग काय करायचं ते सुचायचं नाही. भांडलो नाही. पण जे बोलायला पाहिजे होतं ते पुष्कळ राहिलं. त्या शुक्रवारचं मी कधी काढलं नाही. वाटायचं, तिनं मला नको म्हटलं होतं, मग आता कशाला उकरायचं. माणूस म्हातारपणी जवळ आहे, पुरे.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात तिला ताप आला. आठ दिवसांत गेली.

दिवसकार्याला गाव आलं आणि गेलं. मुलगी पंधरा दिवस राहिली, म्हणाली, पनवेलला चला. मी नाही गेलो. त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी शेवंती रेवाळे आली. सुगंधाबरोबर कारखान्यात असायची. दिवसकार्याला ती गावात नव्हती, मुलाकडं गेली होती, म्हणून आता बोलायला आली. मी चहा ठेवला. ती चुलीकडं बघून म्हणाली, "सरका, मी करते," पण मी केला.

शेवंती बोलायला मोकळी बाई. सुगंधाच्या आठवणी सांगत होती. कारखान्यात ती कशी नकला करायची, शेठची चाल कशी काढून दाखवायची. मला सुगंधा नकला करते हेच माहीत नव्हतं. मी ऐकत होतो.

"आणि तुमच्यासाठी कशी भांडली होती, भावजी, शेठशी," ती म्हणाली. "आम्ही बघत राहिलो सगळ्या."

"माझ्यासाठी?"

"बॉयलरच्या नोकरीसाठी. तुम्हाला ठाऊक नाही?"

मी नाही म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला. "तो फलटणचा माणूस घरं लिहीत फिरत होता ना, त्या दिवशी. बॉयलरवरचा माणूस त्याच आठवड्यात सोडून गेला होता. बी वाफवायचं काम. ही सुट्टीवर असलेली बाई भर दुपारी फडकं बांधून हजर. शेठ जेवायला गेलेला. ही दारात बसून राहिली. काय गो, म्हटलं, तर बोलेना. शेठ आला एकच्या पुढं. ही म्हणाली, बॉयलरवर माझ्या नवऱ्याला घ्या. शेठ हसला. म्हणाला, सुगंधाबाय, गल्फवाला माझ्या वाफेत उभा राहील काय? तर ही काय म्हणाली सांगू? म्हणाली, तो तिथं कसल्या उन्हात लोखंड बांधतो ते तुम्ही एक तास उभं राहून बघा, मग तुमच्या वाफेचं बोला. शेठला असं कोणी बोललं नव्हतं."

"मग?"

"मग काय, नाही-हो करत तयार झाला. सोमवारपासून ये म्हणाला. पगार तुमच्या तिकडच्यापुढं काहीच नव्हता, ते शेठनंच सांगितलं तिला. ती म्हणाली, माझा धरून भागेल. आणि धावली. फडकंसुद्धा सोडलं नाही. आम्ही हसलो मागून, की बघा, नवरीसारखी धावतेय."

मी कपाची कड पुसत बसलो होतो.

"दुसऱ्या दिवशी शेठला सांगायला आली, की जातायत ते. शेठ म्हणाला, मग मी दुसरा बघतो. तर म्हणाली, विमान सुटेपर्यंत कोणाला घेऊ नका. तेवढं ऐका माझं. तो बापडा थांबला. बारा दिवस बॉयलर स्वतः बघत होता, शिव्या देत. तुम्ही गेल्याचं कळल्यावर मग त्यानं देवरुखचा माणूस आणला."

"मला बोलली नाही कधी."

"मी पण विचारलं होतं तिला. म्हणाली, ते येतो म्हणून सांगून बसले, आता मी बोलले तर तिथं बारा माणसांत बसून रोज तेच आठवत बसतील."

बाहेर कोणीतरी गवत कापत होतं, त्याचा आवाज येत होता. मी शेवंतीला विचारलं, "बॉयलरचं काम सुटायचं किती वाजता?"

"सहाला पेटवायचा, दोनला सुटी. आमची मधली सुटी पण दोनलाच. जेवायला बरोबरच घरी आला असतात तुम्ही."

तिनं दोन्ही कप उचलून मोरीत नेऊन विसळले. चपला घातल्या. मी म्हणालो, "जेवूनच जा आता. भात आहे, कढी आहे."

"नको भावजी," ती म्हणाली, "घरी वाट बघत असतील," आणि पाखाडी उतरायला लागली.